गाडीवरची हवा : पिकअपसाठी घरचा कॉम्प्रेसर, टाकी आणि थोडं गणित

मित्रहो, आपल्या मॅगझिनच्या मराठी विभागात दरवर्षी कविता, पावसावरचं ललित आणि मेसच्या पोळ्यांवरचा विनोदी लेख हे ठरलेलं असतं. यंदा संपादक मंडळाने मेकॅनिकलवाल्यांना सांगितलं की काहीतरी कामाचं लिहा. म्हणून हा प्रपंच. एक विनंती आधीच करतो. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ‘संपीडक’ आणि ‘झडप’ हे शब्द मला झेपत नाहीत. गॅरेजमध्येही ते कुणी वापरत नाही. मी कॉम्प्रेसरला कॉम्प्रेसर आणि व्हॉल्व्हला व्हॉल्व्हच म्हणणार आहे. सांभाळून घ्या.

विषय आहे ‘ऑनबोर्ड एअर’, म्हणजे गाडीवरच कायमची बसवलेली हवेची व्यवस्था. एक कॉम्प्रेसर, एक टाकी, थोडी वायरिंग आणि एक लांब होज. पंक्चर झालं, टायर बसला, फिल्टर झटकायचा आहे, तर हवा गाडीतच हजर. आम्ही तिघांनी मिळून ही व्यवस्था माझ्या रूममेटच्या घरच्या पिकअपवर बसवली. त्याचे वडील (आमचे काका) टोमॅटो घेऊन पहाटे मार्केटला जातात. शेतातून डांबरी रस्त्यापर्यंतचा दोन किलोमीटरचा तुकडा काटे, खडी आणि चिखल यांनी भरलेला. पहाटे तीन वाजता पंक्चरवाला उघडा नसतो. तुम्ही म्हणाल, स्टेपनी आहे की! आहे ना. पण भरलेली गाडी, खाली भुसभुशीत माती आणि त्यावर जॅक! ज्याने हे एकदा केलं आहे तो पुन्हा स्टेपनीचं नाव काढत नाही. ट्यूबलेस टायरला पट्टी मारून हवा भरता आली तर चाक काढायची गरजच पडत नाही.

हॉस्टेलची टाकी आणि गाडीची टाकी

सिस्टिम समजून घ्यायला आपलं हॉस्टेल पुरेसं आहे. खाली बोअरची मोटर, वर गच्चीवर टाकी. टाकी भरली की फ्लोट स्विच मोटर बंद करतो, पाणी उतरलं की चालू करतो. मोटर बंद असताना पाणी परत बोअरमध्ये जाऊ नये म्हणून मध्ये एनआरव्ही असतो. आणि फ्लोट स्विच बिघडला तर टाकी फुटू नये म्हणून वर ओव्हरफ्लोचा पाइप.

आता नावं बदला. मोटर म्हणजे १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर. फ्लोट स्विच म्हणजे प्रेशर स्विच. एनआरव्ही म्हणजे चेक व्हॉल्व्ह. ओव्हरफ्लो म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्ह. झाली सिस्टिम!

पण ह्याच उदाहरणात एक मोठा धडा आहे. सकाळी सात वाजता सगळी विंग एकदम आंघोळीला गेली की टाकी किती वेळ टिकते? पंधरा मिनिटं. नंतर ज्याला पाणी मिळतं ते मोटर जेवढं वर चढवते तेवढंच. गाडीवरही नेमकं हेच होतं. बहुतेक लोक दुकानात जाऊन आधी टाकी विचारतात, ‘मोठी द्या’ म्हणतात आणि कॉम्प्रेसर मात्र स्वस्तातला घेतात. हे उलटं आहे. कसं, ते आकड्यांनी बघू.

आधी गणित, मग खरेदी

रॉबर्ट बॉइलने १६६२ साली प्रसिद्ध केलेला नियम आपण अकरावीत शिकलो : तापमान तेच असेल तर दाब गुणिले आकारमान कायम. व्हायवामध्ये सांगून मोकळे झालो. आता तो वापरू.

२१५/७५ आर १५ मापाचा टायर घ्या. मापं टाकून साधा हिशोब केला तर त्याच्या आतली जागा साधारण ५० लिटर येते. पूर्ण बसलेला टायर ५० पीएसआयपर्यंत भरायचा आहे. १ बार म्हणजे १४.५ पीएसआय, म्हणजे ५० पीएसआय म्हणजे साधारण ३.४५ बार. वातावरणाचा दाब १.०१३ बार. तर लागणारी मोकळी हवा = ५० × ३.४५ ÷ १.०१३, म्हणजे सुमारे १७० लिटर.

आता टाकी. १० लिटरची टाकी ८ बारला भरलेली आहे. ह्यातली सगळी हवा टायरला मिळत नाही, कारण टाकीचा दाब टायरच्या दाबाइतका खाली आला की वाहणं थांबतं. ८ वरून ३.५ बारपर्यंत उतरताना टाकी देते १० × ४.५, म्हणजे सुमारे ४५ लिटर. पाहिजेत १७० आणि टाकीने दिले ४५. उरलेले १२५ लिटर कॉम्प्रेसरलाच द्यायचे आहेत.

म्हणजे टाकी पावपट काम करते. एकाच दमात अख्खा टायर भरायचा तर टाकी ३८ लिटरची लागेल. ती पिकअपच्या खाली बसवायची कुठे, हा एक प्रश्न. आणि तेवढी ऊर्जा माणसांच्या जवळ साठवून ठेवायची का, हा दुसरा. त्यावर पुढे येतोच.

मग टाकी हवी कशाला? तीन कारणं आहेत. एक, ब्लो गनने फिल्टर झटकताना एकदम जोराची हवा लागते, ती छोटा कॉम्प्रेसर सरळ देऊ शकत नाही. दोन, टाकी नसेल तर होजच्या टोकाला हवा बंद केली की दाब क्षणात वर जातो आणि प्रेशर स्विच चालू-बंद, चालू-बंद करत बसतो. तीन, दमट हवेतलं पाणी टाकीत थंड होऊन खाली बसतं, टायरमध्ये जात नाही. ह्या तिन्हींसाठी ८-१० लिटर पुष्कळ झाले.

कॉम्प्रेसर निवडताना

खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेला ‘लिटर प्रति मिनिट’ हा आकडा बहुधा शून्य दाबाचा असतो, म्हणजे समोर काहीच अडथळा नसताना. तो आपल्या कामाचा नाही. तक्त्यात ४-५ बारला किती, ते बघायचं. तक्ता देत नसतील तर घ्यायचाच नाही.

समजा ५ बारला मिनिटाला ४० लिटर मिळतात. तर १७० लिटरला सव्वाचार मिनिटं. छान. पण इथे दुसरा शब्द येतो : ड्यूटी सायकल. ३० टक्के ड्यूटी सायकल म्हणजे दहा मिनिटांत तीन मिनिटं चालवायचा आणि सात मिनिटं गार होऊ द्यायचा. मग तोच टायर भरायला ३ मिनिटं चालू, ७ मिनिटं बंद आणि पुन्हा सव्वा मिनिट चालू, असे सव्वाअकरा मिनिटं लागतात. चारही टायर २० वरून ५० पीएसआयवर आणायचे असतील (मऊ जमिनीवर रिकामी गाडी बाहेर काढायला हवा कमी करतात, तेव्हा हे लागतं) तर एकूण ४०८ लिटर, आणि विश्रांती धरून अर्धा तास. १०० टक्के ड्यूटी सायकलचा असेल तर दहा-साडेदहा मिनिटं. पैसे कुठे घालायचे ते ह्यावरून ठरवा.

हा गरम का होतो? थर्मोचं पुस्तक उघडा. ३० अंश सेल्सिअसची हवा ६ पट दाबली (म्हणजे गेजवर ५ बार) आणि उष्णता बाहेर जाऊ दिली नाही, तर तापमान केल्विनमध्ये ६ चा ०.२८६ वा घात इतक्या पटीने वाढतं. ३०३ × १.६७ म्हणजे सुमारे ५०५ केल्विन, २३० अंशांच्या वर! प्रत्यक्षात सिलिंडरच्या पंख्यांमधून बरीच उष्णता निघून जाते, तरी बाहेर येणारी हवा चटका बसेल इतकी गरम असते. म्हणून कॉम्प्रेसरपासून टाकीपर्यंतचा पहिला तुकडा हा वरून स्टीलची जाळी असलेला होजच पाहिजे. तिथे साधी प्लास्टिकची नळी लावली तर ती मऊ होऊन फिटिंगमधून निसटते.

वीज किती लागेल तेही काढू. मिनिटाला ४० लिटर हवा ५ बारपर्यंत दाबायला ॲडियाबॅटिक हिशोबाने सुमारे १६० वॅट लागतात. मोटर आणि पिस्टन मिळून कार्यक्षमता ४५ टक्के धरली तर बॅटरीकडून ३५० वॅट. १३ व्होल्टला साधारण २७ अँपिअर. हा आकडा लक्षात ठेवा, वायरिंगमध्ये लागेल.

फ्रिजचा जुना कॉम्प्रेसर वापरू का, हा प्रश्न आम्हाला हॉस्टेलमध्ये किमान दहा जणांनी विचारला. तो २३० व्होल्ट एसीवर चालतो, हवा फार कमी देतो आणि सोबत तेलही फेकतो. घरी बसून छोटं स्प्रे पेंटिंग करायला ठीक, गाडीवर नाही. अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात काही हौशी लोक गाडीच्या एसीचा कॉम्प्रेसर बेल्टवर फिरवून हवा काढतात. त्यासाठी यॉर्क कंपनीचे जुने पिस्टनचे कॉम्प्रेसर प्रसिद्ध आहेत, कारण त्यांच्यात तेलाचा स्वतःचा साठा असतो. आजच्या बहुतेक एसी कॉम्प्रेसरना तेल रेफ्रिजरंटबरोबर फिरून मिळतं. नुसती हवा ओढली तर ते कोरडे पडून जाम होतात.

टाकी : इथे जुगाड नाही म्हणजे नाही

जुगाड हा आपला राष्ट्रीय विषय आहे आणि मला त्याचा अभिमानही आहे. पण टाकीच्या बाबतीत मी हात जोडतो.

१० लिटरच्या टाकीत ८ बारला जी हवा असते ती एकदम सुटली तर सुमारे १० किलोज्यूल ऊर्जा बाहेर येते. १० किलोज्यूल म्हणजे किती? ५० किलोची सिमेंटची गोणी २० मीटरवरून, म्हणजे सहा-सात मजल्यांवरून खाली पडली तर जमिनीवर जेवढी आदळेल तेवढी. वर जी ३८ लिटरची टाकी म्हटली तिच्यात अशा जवळजवळ चार गोण्या.

म्हणून पीव्हीसी पाइपला दोन्हीकडे टोपण चिकटवून केलेली टाकी कधीही वापरू नका. ‘अरे, पाइपवर ६ किलो, १० किलो लिहिलेलं असतं की!’ लिहिलेलं असतं, पण ते पाण्यासाठी. पाण्याचा पाइप तडकला तर पाणी सांडतं आणि दाब लगेच शून्य होतो, कारण पाणी दाबलं जात नाही. हवा मात्र स्प्रिंगसारखी दाबून बसलेली असते. पीव्हीसी ठिसूळ आहे, त्याचे धारदार तुकडे होऊन उडतात. अमेरिकेच्या ‘ओशा’ ह्या कामगार सुरक्षा संस्थेने उघड्यावरच्या हवेच्या लाइनमध्ये पीव्हीसी वापरण्याविरुद्ध १९८८ सालीच इशारा दिला आहे.

गॅसचा जुना सिलिंडरही नको. तो गॅस कंपनीच्या मालकीचा असतो, आणि आत उरलेल्या गॅसवर वेल्डिंग करणं म्हणजे स्वतःच्या हाताने बॉम्ब पेटवणं. भंगारातली ट्रकची ब्रेकची टाकी स्वस्त मिळते खरी, पण ती आतून किती गंजली आहे ते बाहेरून दिसत नाही.

गंज किती महत्त्वाचा? एसओएममधलं पातळ सिलिंडरचं सूत्र आठवा : ताण = दाब × व्यास ÷ (२ × जाडी). २०० मिमी व्यास, ३ मिमी जाडी, दाब १० बार म्हणजे १ मेगापास्कल. ताण येतो ३३ मेगापास्कल. साधं स्टील २५० च्या आसपास यील्ड होतं, म्हणजे भरपूर मोकळीक. आता आतून गंजून एखाद्या ठिकाणी १ मिमी उरलं असं धरा. तिथे ताण १००. त्यात खड्ड्यांच्या टोकांशी आणि वेल्डजवळ तो आणखी वाढतो. मोकळीक बघता बघता संपते.

म्हणून टाकी नवी आणि नेमप्लेट असलेली घ्या. तिच्यावर वर्किंग प्रेशर कोरलेलं असतं. आपल्याकडे अशा भांड्यांच्या डिझाइनसाठी आयएस २८२५ हे जुनं स्टँडर्ड आहे, लायब्ररीत बघता येईल. आमच्या टाकीचं वर्किंग प्रेशर १० बार आहे. तिला ब्रॅकेट वेल्ड करायचा नाही. रबर घालून पट्ट्यांनी आवळायची.

तरीही बसवण्याआधी आम्ही वर्कशॉपमधल्या मामांच्या देखरेखीखाली हँड पंपाने १५ बारची हायड्रोटेस्ट घेतली. मामांची अट एकच : टाकीत हवेचा एक बुडबुडा राहता कामा नये. कारण साधं आहे. १० लिटर पाणी १५ बारला दाबलं तर त्यात साठणारी ऊर्जा पाच-दहा ज्यूल. तीच टाकी १५ बारला हवेने भरली तर वीस हजार ज्यूलच्या वर. टाकी फुटायचीच असेल तर कुठल्या बाजूने फुटलेली चालेल ते तुम्हीच ठरवा.

सेफ्टी व्हॉल्व्ह आणि आकड्यांची उतरंड

फ्रेंच शास्त्रज्ञ देनी पापँ याने १६७९ मध्ये प्रेशर कुकरचा पूर्वज बनवला आणि वजन ठेवून उघडणारा सेफ्टी व्हॉल्व्हही त्याच्याच नावावर सांगितला जातो. आपल्या आईच्या कुकरला शिट्टी असते, शिवाय वितळणारा सेफ्टी प्लगही असतो. म्हणजे १ बारच्या कुकरला दोन पहारेकरी आणि आपण ८ बारच्या टाकीला एकही नाही लावायचा? हे काही बरं नव्हे.

आकडे असे चढत्या क्रमाने ठेवायचे :

१) प्रेशर स्विच कॉम्प्रेसर चालू करतो : ६ बार.
२) प्रेशर स्विच बंद करतो : ८ बार.
३) सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो : ९ बार.
४) टाकीचं वर्किंग प्रेशर : १० बार.

सेफ्टी व्हॉल्व्ह थेट टाकीवर बसवायचा. त्याच्या आणि टाकीच्या मध्ये कुठलाही कॉक नको. आणि कॉम्प्रेसर जेवढी हवा देतो त्यापेक्षा जास्त हवा तो बाहेर सोडू शकला पाहिजे, नाहीतर शिट्टी वाजत राहील आणि दाब चढतच राहील. महिन्यातून एकदा त्याची रिंग ओढून बघायची, गंजून चिकटला तर असून नसून सारखाच.

वायरिंग

इलेक्ट्रिकलच्या मित्रांनी इथे मला पकडू नये म्हणून थोडक्यात. २७ अँपिअर प्रेशर स्विचमधून न्यायचे नाहीत, त्याचे पॉइंट जळतात. मध्ये ४० अँपिअरचा रिले. त्याच्या ३० नंबरला बॅटरी (फ्यूजमधून), ८७ ला मोटर, ८६ ला इग्निशनकडून डॅशबोर्डवरचा स्विच आणि पुढे प्रेशर स्विच, ८५ ला अर्थ. रिलेची कॉइल फक्त दीडशे मिलीअँपिअरच्या आसपास घेते. फ्यूज ४० अँपिअरचा आणि तो बॅटरीच्या अगदी जवळ. फ्यूज कॉम्प्रेसरजवळ बसवला तर मधली चार मीटर वायर चासीला घासून उघडी पडल्यावर तिला वाचवणारं कोणी नाही.

वायर किती जाडीची? तांब्याची रोधकता ०.०१७२. जाऊन येऊन ८ मीटर, करंट ३० अँपिअर धरू. ४ चौरस मिमीच्या वायरमध्ये १ व्होल्टच्या वर गळती. १० चौरस मिमीमध्ये ०.४ व्होल्ट. आम्ही १० ची टाकली. आणि हवा भरताना इंजिन चालूच ठेवायचं. पाच मिनिटांत बॅटरी काही उतरत नाही, पण अल्टरनेटर चालू असला की मोटरला व्होल्टेज पूर्ण मिळतं आणि ती जोरात फिरते. फक्त बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून हे करू नका. धुराने घात होतो.

जोडणी आणि गळतीची परीक्षा

फिटिंगमध्ये एक छुपा शत्रू आहे. आपल्या बाजारात हवेच्या फिटिंगला बहुतेक बीएसपी आटे असतात आणि बाहेरून आलेल्या किटमध्ये एनपीटी. पाव इंचाच्या मापात बीएसपीला इंचाला १९ आटे, एनपीटीला १८. दोन-तीन फेरे मजेत बसतात, मग अडतं, माणूस पाना लावून जोर करतो आणि आटे कापले जातात. टेफ्लॉन टेप कितीही गुंडाळा, ते गळणारच. म्हणून खरेदी करतानाच सगळं एका पद्धतीचं घ्या.

टाकीच्या तळाला ड्रेन कॉक हवाच. पावसाळ्यात ३० अंशांची, ८० टक्के आर्द्रतेची १००० लिटर हवा ८ बारला दाबून गार केली की साधारण २० ग्रॅम पाणी सुटतं. चार चमचे समजा. ते रोज तसंच राहिलं तर वरचं ३ मिमीचं १ मिमी व्हायला वेळ लागत नाही. काकांना आम्ही एवढंच सांगितलं आहे : गाडी धुवाल त्या दिवशी खालचा कॉक उघडा.

सगळं बसल्यावर साबणाच्या पाण्याने प्रत्येक जोड तपासायचा. मग टाकी ८ बारला भरून रात्रभर ठेवायची. सकाळी काटा ७.४ वर दिसला तर लगेच डोक्याला हात लावू नका! संध्याकाळी टाकी ४० अंशांवर होती आणि पहाटे २० वर आली, तर गेजवरचे ८ बार म्हणजे एकूण ९ बार, त्याचे ९ × २९३ ÷ ३१३ = ८.४ होतात. गेजवर ७.४. ही गळती नाही, गे-ल्यूसॅक आहे. ऊन चढलं की काटा परत वर येतो. नाही आला तर मात्र साबण घेऊन गाडीखाली जा.

गाडीत असे बदल करताना मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचून घ्या. चासीला भोकं पाडू नका, वेल्डिंग करू नका. आम्ही सगळं क्लॅम्पवर बसवलं आहे, पाना घेतला की अर्ध्या तासात निघतं.

मोठ्या ट्रकवाल्यांसाठी

ज्यांच्या घरी मोठा ट्रक आहे ते म्हणतील, आमच्याकडे तर हवा आहेच. बरोबर. पिकअपला हायड्रॉलिक ब्रेक असतात, मोठ्या ट्रकला एअर ब्रेक. तिथे इंजिनवरच कॉम्प्रेसर असतो, ८ बारच्या आसपासचा दाब आणि बऱ्याच ट्रकना अनलोडर व्हॉल्व्हवर टायर भरायची जोडणी कंपनीकडूनच येते. क्लीनर तिथूनच हवा भरतो. ते सुरक्षित आहे. पण हॉर्नसाठी किंवा आणखी कशासाठी ब्रेकच्या टाकीलाच टी मारून लाइन काढणं हा गुन्हा समजा. तुमची दहा रुपयांची नळी घाटात फुटली तर जाणारी हवा ब्रेकची असते. हवा संपली की स्प्रिंग ब्रेक आपोआप लागतात, हे खरं, पण उतारावर भरलेल्या ट्रकची मागची चाकं अचानक आवळली जाणं ही काही सुटका नव्हे. जादा हवा घ्यायची तर प्रोटेक्शन व्हॉल्व्हच्या पलीकडच्या, जादा कामांसाठी ठेवलेल्या सर्किटमधूनच, आणि तेही सर्व्हिस सेंटरकडून.

वापरताना

टायर भरताना त्याच्या बाजूच्या भिंतीसमोर बसू नका. क्लिप लावायची, लांब होज धरायचा आणि टायरच्या पुढे किंवा मागे उभं राहायचं. बसलेल्या टायरवर भरलेली गाडी बराच वेळ चालली असेल तर आतल्या तारा मोडलेल्या असू शकतात, अशा टायरमध्ये हवा भरायचीच नाही. तिथे स्टेपनीच.

आणि हे खास हॉस्टेलसाठी. ब्लो गन कुणाच्याही अंगावर मारायची नाही. कपड्यांवरची धूळ उडवायलाही नाही आणि मस्करीत तर मुळीच नाही. दाबाची हवा शरीरात शिरली तर आतडी फाटतात. अशा मस्करीत कारखान्यांमध्ये माणसं गेल्याच्या बातम्या आपल्या देशात आलेल्या आहेत. ज्याने गन धरली होती तोही मित्रच होता.

आमच्या सिस्टिमचा निकाल सांगतो. बसलेला एक टायर ५० पीएसआयवर यायला पाच मिनिटांच्या आसपास लागतात. गणिताने सव्वाचार सांगितले होते, होज, गेज आणि गरम झालेली मोटर यांनी बाकीचे खाल्ले. एरवी प्रॅक्टिकलला आपण उत्तर आधी लिहून रीडिंग मागून बसवतो. इथे रीडिंग आधी आलं आणि उत्तर त्याच्या जवळ निघालं, ह्याचा आनंद तुम्ही मेकॅनिकलचे असाल तरच कळेल!

काकांना बॉइल माहीत नाही आणि गरजही नाही. त्यांना डॅशबोर्डवरचा एक स्विच आणि खालचा एक कॉक एवढंच माहीत असलं तरी पुरे. पण त्या दोन गोष्टींच्या मागे ९ बारचा सेफ्टी व्हॉल्व्ह आणि नेमप्लेटवाली टाकी आहे की चिकटवलेला पाइप, हे ठरवणारे आपण आहोत. ज्युनिअर्सपैकी कुणाला करून बघायचं असेल तर वायरिंगचा कागद आणि मापं आमच्या रूमवर आहेत, केव्हाही या. येताना पाने परत आणा म्हणजे झालं. १० नंबरचा रिंग पाना सेकंड इयरच्या विंगमध्ये गेला आहे, तो अजून आलेला नाही.